सोयरा

नाते ‘लागते’, सोयरीक मात्र ‘होते’ किंवा ‘जुळते’. मराठीने क्रियापदातच हा भेद करून ठेवला आहे. भाऊबंद जन्माने मिळतात. सोयरा दोन घरांनी बोलणी करून, मानपान ठरवून केलेला असतो. म्हणूनच सोयरीक मोडूही शकते. भावकीशी पिढ्यान्‌पिढ्या वैर चालले तरी तिचे दहा दिवसांचे सुतक चुकत नाही. सोयऱ्याला ते नसते.

आमच्या कळंबकडे भावकी बांधाला बांध लावून भांडत नांदते; सोयरे मांजरेपलीकडे केजकडे, नाहीतर बार्शीकडे. तोंडावर त्यांना कोणी ‘सोयरे’ म्हणत नाही. बहिणीचा नवरा दाजी, आणि व्याही वीस वर्षांनीही ‘पाव्हणं’च. ‘ते आमचे सोयरे’ हे तिसऱ्या माणसाला सांगायचे असते.

हा घरगुती शब्द २०२४ साली कायद्याच्या भाषेत आला. कुणबी नोंद सापडलेल्यांच्या सग्यासोयऱ्यांनाही दाखला मिळावा, ही मनोज जरांगे यांची मागणी होती. २६ जानेवारी २०२४ च्या अधिसूचनेच्या मसुद्यात ‘सगेसोयरे’ची व्याख्या आली: अर्जदाराच्या वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यापूर्वीच्या पिढ्यांत सजातीय विवाहांतून निर्माण झालेले नातेवाईक. बोलीत हा जोडशब्द सैल आहे. ‘आपली सगळी माणसे’ एवढाच त्याचा अर्थ. कायद्याला हा सैलपणा परवडत नाही. जातीचा दाखला वडिलांच्या बाजूने चालतो आणि सोयरा तर कुळाबाहेरचाच. त्याला वंशवेलीत बसवायचे, तर ‘सजातीय’ हे विशेषण लावणे भाग पडले.

तुकोबांनी झाडावेलींना सोयरे म्हटले, तेव्हा त्यांनी या शब्दातला जोडलेपणा घेतला आणि जात गाळली. मसुद्याने नेमके उलटे केले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते न्यायाचे नाही. व्यवहारात सोयरीक जातीतच होत आली. न बोललेली अट मसुद्याने फक्त लिहून काढली. लग्नसंबंध एकमेकांत, शेती सारखीच, पण निजामकालीन कागदांत एका घराची नोंद ‘कुणबी’ आणि दुसऱ्याची नाही, हा पेचही खराच आहे.

म्हणून तो अभंग शिकवताना ‘सोयरा म्हणजे नातेवाईक’ एवढे फळ्यावर लिहून यापुढे भागणार नाही. समोरच्या बाकांवरच्या काही मुलांच्या घरी याच शब्दावर प्रवेशाचा आणि फीचा हिशेब मांडला गेला आहे.