नानांचा काटा

चाळीसगावच्या माणसाने विज्ञानात जरा काही केले की लोक लगेच पाटणादेवीकडे बोट दाखवतात. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला होता. त्याचा 1207 सालचा शिलालेख आहे, अभिमान वाटावा अशीच गोष्ट. माझ्या सत्कारातही ती कोणीतरी सांगतेच. माझे देणे मात्र कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर असलेल्या नानांचे आहे.

नाना दहावीपुढे शिकले नव्हते. पण काचेच्या पेटीतल्या केमिकल बॅलन्सला त्यांना विचारल्याशिवाय सरही हात लावत नसत. वजने चिमट्यानेच उचलायची, पंखा बंद, पेटीचे दार लावून मगच काट्याचे झोके मोजायचे. धुळे पॅसेंजर गाठायची म्हणून पोरे घाई करत. नाना जागचे हलत नसत. आधी रिकामा काटा कुठे थांबतो ते लिहायचे, मोजणी झाल्यावर पुन्हा रिकामा काटा. दोन आकडे जुळले नाहीत तर सगळे परत. मग वस्तू उजव्या पारड्यात, वजने डाव्या पारड्यात, आणि पुन्हा मोजणी. दांडीचे दोन हात कमीजास्त असले तर ती खोट अशाने निघून जाते. पुस्तकांत ही रीत गाऊसच्या नावावर आहे, हे मला फार पुढे कळले.

दिवाळीच्या सुट्टीत ते माझ्या एकट्यासाठी प्रयोगशाळा उघडत आणि स्टुलावर मुरमुरे खात बसत. मुंबईच्या मुलाखतीचे तिकीट त्यांनीच काढून दिले. ते पैसे माझ्या पहिल्या स्टायपेंडमधून त्यांनी मोजून परत घेतले, चिल्लरसकट. मला ते फार आवडले.

पुढे मी टीआयएफआर या संशोधन संस्थेत पेलेट्रॉन या कणत्वरकावर काम करू लागलो. कुलाब्यातले हे 14 दशलक्ष व्होल्टचे यंत्र 1988 च्या अखेरीस सुरू झालेले. जड आयन लक्ष्यावर आदळायचे, त्यातून गरगरणारी केंद्रके घडतात. ती पायरीपायरीने खाली उतरताना गॅमा किरण सोडतात आणि प्रत्येक किरणाची ऊर्जा म्हणजे दोन पायऱ्यांमधले अंतर. किरण टिपणारे जर्मेनियमचे डिटेक्टर द्रव नायट्रोजनने थंड ठेवावे लागतात, आणि प्रयोग रात्रंदिवस चालतो. पण बीम यायच्या आधी युरोपियम-152 चा स्रोत समोर ठेवून त्याच्या 121.8 पासून 1408 केईव्हीपर्यंतच्या माहीत असलेल्या रेषा नोंदवायच्या, आणि बीम थांबल्यावर त्याच पुन्हा. इलेक्ट्रॉनिक्स मधल्या वेळात हळूच सरकते. पहिल्याच शिफ्टला एका ज्येष्ठांनी हे समजावायला सुरुवात केली आणि मला हसू आले.

केंद्रकांची वस्तुमाने मोजणारे लोक वेगळे. 1919 मध्ये केंब्रिजला ॲस्टनने मास स्पेक्ट्रोग्राफ बांधला आणि हेलियमचा अणू चार हायड्रोजनपेक्षा हलका भरला. शंभरात एकाहूनही कमी इतकी ही तूट. पण पुढच्याच वर्षी एडिंग्टनने ताडले की सूर्य तिच्यावर जळत असावा. एवढ्याशा फरकात एवढे मोठे काही दडलेले असते, म्हणून तर आकड्यांसाठी माणसे आयुष्य घालवतात. आता जिनिव्हाला सर्नमध्ये आयन चुंबकीय सापळ्यात कोंडून फिरवतात. जितका जड, तितका तो सावकाश फिरतो. त्या फेऱ्यांवरून दहा कोटींत एका भागापर्यंत वस्तुमान काढता येते.

नाना निवृत्त झाल्यावर एकदा चाळीसगावला त्यांच्या ओट्यावर बसून मी हा सापळा त्यांना समजावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "अन् चुंबकनं बळ कमी व्हयनं ते?"

मी म्हणालो, "नाना, होतेच. हळूहळू उतरते. म्हणून आधी ओळखीचा आयन मोजतात, सिझियम किंवा रुबिडियमचा, मग अनोळखी, मग पुन्हा ओळखीचा."

"मंग ठीक शे," म्हणत त्यांनी आत चहा सांगितला. माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.