समान कामाचे वर्णन

जबलपूर शहरात घमापुराच्या पलीकडे कांचघर ही वस्ती लागते. पुढे सतपुला, मग तोफगाड्यांचा कारखाना, त्यापलीकडे रांझी, खमरिया. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला. शक्तिमान ट्रक बांधणारी व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. सैन्याचे भांडार आणि बेस वर्कशॉप ही आणखी दोन ठिकाणे. शिवाय रेल्वे, टपाल व तारखाते होतेच. या शहरात सरकार हे राजधानीत वसणारे दूरचे तत्त्व कधीच नव्हते. ते भोंग्याने उठवणारे आणि पहिल्या तारखेला पगारचिठ्ठी देणारे घरचे माणूस होते. परंतु एकाच धन्याच्या या चिठ्ठ्या शेजारशेजारच्या दोन घरांत सारख्या रकमेच्या नसत, आणि भिंती पातळ असलेल्या वस्तीत ही गोष्ट फार काळ झाकून राहत नाही. वेतनसाम्याचा वाद ग्रंथांत संविधानापासून सुरू होतो. कांचघरसारख्या वस्तीत तो शेजारणीच्या नव्या शिलाई यंत्रापासून सुरू होतो. यात हलके लेखण्याजोगे काही नाही. तुलना ही मूलतः शेजाराचीच क्रिया आहे.

अशा वस्तीतील एका मराठी कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती व राजधानी नागपूर होती. त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने नर्मदेकाठी आलेली वऱ्हाडी-नागपुरी घरे येथे नवलाची नव्हती. त्या वर्षी आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, उच्च न्यायालय नागपुराहून जबलपुरास आले, आणि ही घरे होती तेथेच राहून परप्रांतात गेली. घरात पोर्तुगीजांकडून आलेला 'पगार', गल्लीत फारसीतून आलेली 'तनख्वाह', आणि फाइलीत संस्कृत 'वेतन', अशा तीन शब्दांत त्यांचा महिना सरत असे. घरचा कर्ता संरक्षण खात्याच्या कारखान्यात सीनियर ड्राफ्ट्समन आहे असे समजावे. 'आरेखक' हा शब्द परिभाषाकोशात होता. त्याला स्वतःला मात्र कोणी आरेखक म्हटल्याचे आठवणार नाही. टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर आणि निबची शाई यांच्याशी त्याचा दिवस बांधलेला. एखाद्या सुट्या भागाचे रेखाचित्र काढायचे, मापे घालायची, ट्रेसिंगवर तपासणीची सही घ्यायची. केसाएवढी चूक झाली तर खाली शॉपमध्ये लोखंड वाया जाते, हे त्याला सांगावे लागत नसे.

तिसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशी १९७३ मध्ये आल्या आणि त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून लागू झाल्या. तोवर संरक्षण उत्पादन विभागातील सीनियर ड्राफ्ट्समन एकाच श्रेणीत होते. आयोगानंतर त्यांचे दोन गट पडले: काहींना ४२५–७०० ची श्रेणी, उरलेल्यांना ३३०–५६० ची. पदनाम तेच, टेबले त्याच खोलीत, येणारे काम त्याच ट्रेमधून. विभागणीचा निकष एकच, सेवाज्येष्ठता. प्रारंभीच्या पायरीवरच पंचाण्णव रुपयांचे अंतर पडले. आणि त्या काळी पंचाण्णव रुपये म्हणजे घरभाडे, दूध आणि मुलाच्या शाळेचा खर्च एकत्र मांडावा अशी रक्कम.

अशा घरात कधी तरी बायकोने विचारलेच असेल, "अहो, त्यांच्याकडे येतो तो नकाशा निराळा असतो का हो?" आणि त्याने उत्तर दिले असेल, "नकाशा तोच. ते माझ्याआधी लागले, एवढंच."

'एवढंच' या शब्दात सर्व वाद आहे. आधी लागलेल्याला अधिक मिळावे हे कोणी नाकारीत नव्हते. पण त्याची सोय वार्षिक वेतनवाढीत आधीच झालेली असते. श्रेणी ही वेगळी वस्तू आहे. श्रेणी म्हणजे तुझे काम कोणत्या जातीचे आहे याविषयी शासनाने दिलेला अभिप्राय. वेतनवाढ माणसाच्या वर्षांना मिळते, श्रेणी त्याच्या कामाला. म्हणूनच कमी श्रेणी मिळालेल्याला पैसा कमी मिळाल्याचे दुःख होते त्याहून अधिक, आपले काम हलके ठरल्याचे होते.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पी. सविता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १९८५ मध्ये निकाल आरेखकांच्या बाजूने लागला. कर्तव्ये व जबाबदाऱ्या यांत काहीही भेद दाखवता येत नसताना केवळ ज्येष्ठतेवरून एकाच वर्गाचे दोन तुकडे करणे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असा त्याचा आशय. पुढे लष्करी कारखान्यांतील व बेस वर्कशॉपमधील आरेखकांनी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागातील आरेखकांशी बरोबरी मागितली आणि १९९५ च्या देबाशिष कर खटल्यात तीही मान्य झाली. इमारतीचा नकाशा काढणारा आणि तोफेच्या भागाचा नकाशा काढणारा, हे समान की असमान? साधा माणूस म्हणेल, वेगळे. कायदा म्हणाला, तुल्य.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे असे काही आहे. दोन कृतींची तुलना करताना अभ्यासक साम्यापासून निघतो आणि भेदाशी पोहोचला की त्याला आनंद होतो. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत, त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत. घर एक, काळ जवळपास एक, वैचारिक ओढही जवळची. तरी या दोघांना शेजारी ठेवण्यात जी गोडी आहे ती त्यांच्या निराळेपणात आहे. न्यायालयात उभ्या राहिलेल्या कर्मचाऱ्याला नेमके याच्या उलट करावे लागते. त्याला आपल्या हाताचे वेगळेपण पुसावे लागते. वीस वर्षांत कमावलेली नजर, रेषेची सफाई, एखादे माप संशयास्पद आहे हे कागदाकडे पाहताच ओळखण्याची हातोटी, यांतील कशाचाही शपथपत्रात उपयोग नाही. तेथे एकच विधान कामाचे: माझे काम त्याच्या कामासारखेच आहे, तसूभरही वेगळे नाही. न्याय मिळण्यासाठी माणसाने स्वतःला दुसऱ्याची प्रत म्हणून सिद्ध करायचे, आणि ही सिद्धता देण्याचा भार ज्याला कमी मिळते त्याच्यावरच. ज्याला अधिक मिळते त्याला आपण का वेगळे आहोत हे सांगण्यासाठी कोणी बोलावीत नाही.

संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदातील (घ) खंड स्त्री-पुरुष दोघांनाही समान कामाबद्दल समान वेतन असावे असे राज्याला सांगतो. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, हक्क नव्हे. १९६२ मध्ये आयकर अधिकाऱ्यांच्या दोन वर्गांचा प्रश्न आला तेव्हा हे तत्त्व अमूर्त आहे, अनुच्छेद १४ शी त्याचा संबंध नाही, असे न्यायालयाने ठरवले होते. वीस वर्षांनी, १९८२ मध्ये, दिल्ली पोलिसांतील रणधीर सिंग या चालक-शिपायाच्या अर्जावर न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी दिशा फिरवली: खाते वेगळे म्हणून गाडी चालवण्याचे काम वेगळे होत नाही. त्यानंतरची सहा वर्षे आशेची. १९८८ मध्ये पुन्हा हात आखडला. सीमाशुल्क व उत्पादनशुल्क विभागाच्या लघुलेखकांना सचिवालयातील लघुलेखकांची बरोबरी नाकारली गेली, कारण बाहेरून सारखे दिसणारे काम गोपनीयतेच्या व विश्वासाच्या दृष्टीने निराळे असू शकते. आणि चौरसिया खटल्यात मूल्यमापन हे वेतन आयोगासारख्या तज्ज्ञांचे काम आहे असे म्हटले गेले. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. दोन माणसांचे काम खरोखर कधीच एक नसते. फक्त हे सत्य शासनाला देतानाच तेवढे आठवते, घेताना नाही, हे लक्षात ठेवावे.

कारखान्याच्या खालच्या मजल्यावर, म्हणजे शॉपमध्ये, प्रश्न आकड्यांनी सोडवण्याचा यत्न झाला. एका तज्ज्ञ वर्गीकरण समितीने औद्योगिक कामगारांच्या धंद्यांना गुण देऊन अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल अशा पायऱ्या लावल्या. अर्धकुशलास २१०–२९०, कुशलास २६०–४००. सुतार, रंगारी, मोल्डर यांच्या हयातभराच्या कसबाची अशी गुणपत्रिका तयार झाली. ती अपुरी पडली म्हणून विसंगती समिती नेमली गेली. मग तिने वर नेलेल्या धंद्यांना लाभ १९८१ च्या ऑक्टोबरपासून द्यायचा की १९८४ च्या ऑक्टोबरपासून, यावर नवा वाद. लष्करी अभियांत्रिकी सेवेतील सुतारांनी आणलेल्या खटल्यात तो १९८९ मध्ये कामगारांच्या बाजूने मिटला. तीन वर्षांचा प्रश्न, आणि त्याच्या उत्तराला त्याहून अधिक काळ लागला.

जबलपुरातल्या जुन्या कारकुनांना याहून जुना एक हिशेब ठाऊक होता. १९५६ चे मध्य प्रदेश राज्य महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ या प्रदेशांचे बनले. प्रत्येकाच्या पदनामांची भाषा वेगळी, वेतनाचे मोजमाप वेगळे. कोणाचे कोणते पद कोणाच्या पदाशी समकक्ष, हे ठरवण्यासाठी चार कसोट्या ठरल्या होत्या: कामाचे स्वरूप व कर्तव्ये, जबाबदारी, अधिकार व कार्यक्षेत्राचा विस्तार, भरतीसाठी लागणारी किमान पात्रता, आणि वेतन. त्यांत वेतनाचा विचार सर्वांत शेवटी करायचा, असा संकेत होता. म्हणजे आधी काम पाहा, मग पैसा. ही क्रमवारी पुढे कधी उलटली हे सांगणे कठीण. पण आज कोणत्याही कार्यालयात गेल्यास एखाद्याचे काम किती मोलाचे हे त्याच्या श्रेणीवरूनच ओळखले जाते, कामावरून नव्हे. १९६८ च्या पी. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कसोट्यांची नोंद घेतली आहे. निकालपत्रांच्या खंडांतून हा उतारा कोणी वेचून भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर अनुवादातील तुल्यार्थाची चर्चा त्यांना बरीच लवकर समजेल.

हरिशंकर परसाई यांचे आयुष्य जबलपुरात गेले. त्यांच्या 'भोलाराम का जीव' या कथेतील निवृत्त कर्मचारी घमापुरातला आहे, म्हणजे कांचघरच्या शेजारचा. यमदूताच्या हातून निसटलेला त्याचा जीव पेन्शनच्या फाइलीत अडकून बसतो, स्वर्गात यायलाही तयार होत नाही. कथा लाचखोरीवरची म्हणून शिकवली जाते आणि ती तशी आहेच. परंतु कांचघरच्या बाजूने वाचल्यास तिचा आणखी एक अर्थ दिसतो. ज्याच्या कामाचे वर्णन आयुष्यभर दुसऱ्या कोणी लिहिले, तो मनुष्य अखेर त्या वर्णनातच राहायला जातो. वेतनसाम्यासाठी न्यायालयात गेलेल्यांपैकी कितीकांचे निकाल निवृत्तीनंतर लागले असतील! थकबाकी मिळते, पण ज्या संध्याकाळी मुलाने सायकल मागितली होती ती संध्याकाळ थकबाकीत येत नाही.

भाषांनीही या प्रश्नाला निरनिराळी नावे दिली आहेत. हिंदीत 'वेतन विसंगति', महाराष्ट्र शासनाच्या भाषेत 'वेतनत्रुटी'. विसंगतीला दोन पक्ष लागतात. शेजारी पाहिल्याखेरीज ती दिसत नाही. त्रुटी एकट्याची असते; जणू उणीव कमी मिळणाऱ्याच्या वेतनातच जन्मतः होती. मराठीने येथे हिंदीपेक्षा सौम्य शब्द निवडला, आणि सौम्य शब्द बहुधा देणाऱ्याच्या सोयीचा असतो. त्याहून सोयीचा शब्द 'मानधन' किंवा त्याचा हिंदी भाऊ 'मानदेय'. अंगणवाडी सेविकेला दोन्ही राज्यांत तो लावला गेला. वेतन म्हटले की तुलना आली; मान मोजायचा कसा? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या सेविकांना उपदानाचा हक्क मान्य केला, तेव्हा त्या शब्दाचा थोडा रंग उडाला. तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना नियमित श्रेणीची किमान पायरी देण्याचा जगजीत सिंग खटल्यातील २०१६ चा निर्णयही त्याच वाटेवरचा.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी सात कंपन्या आल्या. तेव्हापासून खमरियाच्या कारखान्याचे मुख्यालय पुण्यात, तोफगाड्यांच्या कारखान्याचे कानपुरात आणि वाहनांच्या कारखान्याचे अवाडीत आहे. जुने कामगार मानीव प्रतिनियुक्तीवर गेले. आरंभी दोन वर्षांसाठी, मग मुदती वाढत गेल्या. म्हणजे माणूस सरकारचा, यंत्र कंपनीचे. खमरिया ज्या कंपनीकडे गेला तिच्या महाराष्ट्रातल्या चांदा व देहू रोड येथील कारखान्यांत स्फोटकांच्या इमारतींत काम करण्यासाठी मुदतीच्या करारावर नवे कामगार घेण्यात आले. तेथे एकाच दालनात, एकाच भुकटीपुढे, एक जण प्रतिनियुक्तीवरचा कायम नोकर आणि दुसरा कराराचा, असे शेजारी उभे राहू लागले. दोघांच्या सुरक्षिततेच्या सूचना एकाच फलकावर लिहिलेल्या असतात. नेमणुकीची पत्रे मात्र दोन भाषांतली वाटावीत इतकी वेगळी.