रांगेतला शेवटचा

आपल्या शाळेत पहिल्यांची कमतरता नाही. क्रॉस-कंट्रीत पहिला, ऑब्स्टॅकल कोर्समध्ये पहिला, गणितात पहिला, आणि रविवारी मेसमध्ये पराठे असले की रांगेतसुद्धा पहिला! पहिल्यांची नावं फळ्यावर सोनेरी अक्षरांत लागतात. शेवटच्याचं नाव कुठेच लागत नाही, आणि ते लागावं असं कुणाला वाटतही नाही. त्यामुळे मार्चअखेरच्या नाग टिब्बा हाइकची यादी लागली आणि माझ्या नावापुढे 'टेल' असं लिहिलेलं दिसलं, तेव्हा डॉर्मिटरीत हशा पिकला. टेलला मराठीत काय म्हणतात, असं मित्रांनी विचारलं. मी 'शेपूट' सांगितलं. पुढचे दोन दिवस एक बिहारी, एक मणिपुरी आणि एक तेलुगू मित्र मला आपापल्या उच्चारात 'शेपूट' म्हणून हाका मारत होते. मराठीचा तेवढा प्रसार झाला.

पालकांसाठी थोडं सांगतो. हाइकला सगळ्यांत पुढे लीडर असतो. तो वाट आणि वेग ठरवतो. सगळ्यांत मागे टेल असतो. त्याचा नियम एकच : त्याच्या मागे कुणी राहता कामा नये. कुणी बुटाची नाडी बांधायला थांबला, पाणी प्यायला थांबला, झाडाआड गेला, की टेलने थांबायचं. प्रत्येक मोठ्या वळणावर डोकी मोजायची. प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी आणि कचऱ्याची पिशवी त्याच्याजवळ. आम्ही २१ कॅडेट, दोन सर आणि एक गाइड असे २४ जण होतो. गाइड पंतवाडी गावचे. त्यांना सगळे 'भैजी' म्हणायचे, म्हणून आम्हीही भैजीच म्हणू लागलो.

नाग टिब्बा ३,०२२ मीटर उंच आहे. मी नाशिकचा. आमच्याकडे कळसूबाई म्हणजे उंचीची हद्द, कारण महाराष्ट्रात तिच्यापेक्षा उंच काही नाही. ती १,६४६ मीटर. म्हणजे नाग टिब्बा जवळजवळ दोन कळसूबाया, एकीवर एक. देहरादूनहून मसुरी, केम्पटी, मग यमुनेचा पूल आणि नैनबाग असं करत बस पंतवाडीला पोहोचते. तिथून पाय. आधी शेतांचे टप्पे, मग बांजाचं जंगल. बांज म्हणजे इकडचा ओक. त्यात मध्येच बुरांशची झाडं लालभडक फुललेली. आपल्याकडे पळस फुलतो तसाच थाट, पण इथे खाली सावलीत शिळा बर्फही पडलेला. आमच्यातल्या निम्म्या मुलांनी फुलं सोडून बर्फाचेच फोटो काढले.

पहिल्या दिवशी मागून चालताना माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट म्हणजे विश्रांतीचं गणित. समजा, लीडर दहा मिनिटांसाठी थांबला. रांग लांबलेली असते. शेवटची मुलं तिथे पोहोचेपर्यंत आठ मिनिटं गेलेली असतात. ती बसतात, बाटलीचं झाकण उघडतात, तेवढ्यात पुढचे ताजेतवाने होऊन उठतात, 'चला, चला!' म्हणजे ज्याला दम लागलेला नाही त्याला दहा मिनिटं, आणि ज्याला खरोखर लागला आहे त्याला दोन. दिवसभरात असे सहा थांबे झाले, की पुढच्याला एक तास मिळतो आणि मागच्याला बारा मिनिटं. शिवाय पुढचे म्हणतात, 'हा किती थांबतो!' खरं तर सगळ्यांत कमी तोच थांबलेला असतो.

यावर उपाय नवा नाही, आमच्या सरांनाही तो माहीत होता. विश्रांतीची वेळ टेल पोहोचल्यापासून मोजायची, आणि जो सगळ्यांत हळू चालतो त्याला लीडरच्या लगेच मागे चालवायचं. दुपारनंतर आम्ही तसं केलं. आश्चर्य म्हणजे सगळ्यांचाच वेग वाढला, कारण रांग तुटेना आणि कुणासाठी थांबावं लागेना.

गणिताचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा एक नियम सांगितला. तो आपल्या मापांत साधारण असा : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा वाट आठ किलोमीटरची आणि चढ १,२०० मीटरचा, तर ३ तास ३६ मिनिटं लागतील. पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्या तगड्या माणसाचा. २४ जणांच्या रांगेचा हिशोब तिच्यातल्या सगळ्यांत दमलेल्या माणसावर ठरतो, आणि तो माणूस फक्त टेललाच दिसतो.

पहिल्या दिवशी आम्ही माथ्याखालच्या माळावर तंबू ठोकले. दुसऱ्या दिवशी सहाला निघायचं होतं, पण पहाटे पाऊस लागला आणि निघायला साडेनऊ झाले. संध्याकाळी चार वाजता पंतवाडीला बस येणार होती. त्यामुळे माथ्यासाठी ही एकच संधी होती.

माझ्या पुढे आठवीतला एक ज्युनियर चालत होता. केरळच्या किनाऱ्यावरचा, जानेवारीतच शाळेत आलेला. आदल्या दिवशी त्याने मला बोटी, जाळी आणि मासे यांवर इतकं ऐकवलं होतं, की मला कोळ्याचं अर्धं शिक्षण मिळालं. दुसऱ्या दिवशी तो गप्प होता. आधी वाटलं, चढ आहे म्हणून. नागदेवतेच्या देवळाच्या पुढे गेलो तेव्हा वारा सुटला आणि बारीक गारा पडू लागल्या. तो कुडकुडत होता. कुडकुडत तर सगळेच होते. पण थोड्या वेळाने तो सपाट वाटेवर अडखळला. मग पुन्हा एकदा. पाणी पी म्हटलं तर त्याला बाटलीचं झाकण फिरवता येईना. मी त्याला वीसपासून उलटे आकडे म्हणायला सांगितलं. चौदापर्यंत आला आणि थांबला. 'पुढे?' मी विचारलं. 'सर, मी ठीक आहे,' तो म्हणाला, पण शब्द जड येत होते. जॅकेटच्या आत हात घातला तर शर्ट ओलाचिंब. पहाटेचा पाऊस आणि चढावरचा घाम.

प्रथमोपचाराच्या तासाला शिकवलेलं मला आठवलं. शरीर गार पडू लागलं की आधी थरथर सुटते, मग माणूस पुटपुटतो, अडखळतो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्याला स्वतःला आपण ठीक आहोत असंच वाटतं. म्हणून त्याच्या 'ठीक आहे'वर विसंबायचं नसतं.

आमच्या शिट्ट्यांची भाषा ठरलेली होती. एक लांब म्हणजे थांबा, दोन लांब म्हणजे सर, मागे या. मिनिटाला सहा शिट्ट्या ही डोंगरातल्या संकटाची मानलेली खूण आहे, त्यामुळे ती राखून ठेवायची. मी दोन लांब शिट्ट्या दिल्या.

त्या वेळी पुढचे सातजण धारेवर पोहोचलेले होते. माथा त्यांना समोर दिसत होता. त्यांच्यात आमचे हाइक कॅप्टन होते. ते बारावीत, शाळेतली त्यांची ही शेवटची हाइक. सहा वर्षांत दोनदा ते नाग टिब्ब्याला आले होते आणि दोन्ही वेळा हवामानाने परत पाठवलं होतं.

सर आणि भैजी मागे आले. ज्युनियरला खडकाच्या आडोशाला घेतलं. ओले कपडे काढले, कोरडा लोकरी स्वेटर, टोपी, वर फॉइलची चादर. थर्मासमधला गोड चहा घोट-घोट दिला. मी त्याचे हात चोळायला लागणार तोच सर म्हणाले, 'चोळू नकोस, नुसतं गुंडाळून ठेव.' एवढ्यात वीज चमकली. आम्ही मोजलं. बारा सेकंदांनी गडगडाट. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज चार किलोमीटरवर. पुढच्या वेळी नऊ सेकंद. सरांनी भैजींकडे पाहिलं, भैजींनी मान हलवली. सर एवढंच म्हणाले, 'सगळे खाली.'

अर्ध्या तासात ज्युनियर नीट बोलू लागला. तंबूपर्यंत तर तो पुन्हा माशांवर आला होता. साडेतीनला आम्ही पंतवाडीत होतो. वर दिवसभर ढगच होते.

बसमध्ये कुणीतरी म्हणालं, 'शेपटाने शिट्टी वाजवली आणि टिब्बा गेला.' मला ते लागलं. विजेमुळे तसंही परतावं लागलंच असतं, असं मी म्हणू शकलो असतो. पण ते पूर्ण खरं नाही. शिट्टी झाली नसती तर पुढचे सातजण गडगडाटाआधी कदाचित माथा गाठून आले असते. कॅप्टन सर मसुरीपर्यंत कुणाशीच बोलले नाहीत. रात्री मेसमध्ये त्यांनी ज्युनियरच्या ताटात स्वतःचं अंडं ठेवलं आणि निघून गेले. माझ्याशी त्या दिवशी बोलले नाहीत. त्यांना माथा मिळाला नाही याचं मला आजही वाईट वाटतं. आणि उद्या तसाच मुलगा तसाच अडखळला, तर मी पुन्हा दोन शिट्ट्या देईन. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

परत आल्यावर लायब्ररीत एव्हरेस्टच्या १९५३ च्या मोहिमेबद्दल वाचलं. २९ मे आणि तेनसिंग-हिलरी हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या तीन दिवस आधी, २६ मेला, टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत पोहोचले होते. मुख्य माथा तिथून जेमतेम शंभर मीटर उंच. जगात त्यांच्या आधी तितक्या उंचीवरून कुणी परतलेलं नव्हतं. इव्हान्सच्या ऑक्सिजन यंत्राने त्रास दिला होता, वेळ उरला नव्हता. ते दोघे वळले आणि जिवंत खाली आले. पुढे १९५५ मध्ये कांचनगंगेची मोहीम निघाली तेव्हा तिचे नेते हेच इव्हान्स होते. त्या मोहिमेने कांचनगंगा पहिल्यांदा सर केली आणि वर चढले ते इव्हान्स नव्हे, त्यांच्या तुकडीतले दुसरे. मला वाटतं, परत कधी फिरायचं हे ज्याला कळतं त्याच्या हाती इतरांना सोपवायला हरकत नसते.

आता थोडी माझी मतं, वाचकांनी पटली तर घ्यावीत.

क्रॉस-कंट्रीत शेवटचा मुलगा येतो तेव्हा सगळी शाळा उभी राहून टाळ्या वाजवते. हेतू चांगला आहे, पण मागच्या टर्मला तसा आलेला एक मित्र मला म्हणाला, 'त्यापेक्षा शेवटचा किलोमीटर कुणी बरोबर पळालं असतं तर बरं झालं असतं.' मला ते पटलं. प्रेपमध्येही तेच. ज्याला त्रिकोणमिती पहिल्या पाच मिनिटांत कळते तो हात वर करतो आणि वर्ग पुढे सरकतो. ज्याला कळलेलं नाही तो 'कळलं, सर' म्हणतो. चौदावर अडकलेला मुलगा 'मी ठीक आहे' म्हणतो, तसंच ते. डॉर्मिटरीतही नवीन ज्युनियर घरच्या फोननंतर गप्प झाला, तर ते पुढच्या कॉटवरच्याला कळत नाही, शेजारच्याला कळतं.

ईस्टरच्या रविवारी बाबांचा फोन आला, तेव्हा मी सगळं सांगितलं. लहानपणी कळसूबाईला लोखंडी शिड्या चढताना मी पुढे असायचो आणि बाबा नेहमी दोन पायऱ्या खाली. घरी आल्यावर 'मी बाबांच्या आधी पोहोचलो' हे मी आईला ऐटीत सांगायचो, आणि बाबा हो म्हणायचे. मी फोनवर विचारलं, 'बाबा, तुम्ही तेव्हा मुद्दाम मागे राहायचात ना?' ते म्हणाले, 'अरे, तुझा पाय सटकला असता तर पुढे राहून काय उपयोग?' आणि लगेच परीक्षेबद्दल विचारू लागले.

शेवटी सरांना एक विनंती. हाइक लीडर किंवा कॅप्टन नेमण्याआधी प्रत्येक कॅडेटला निदान एकदा टेल करावं. यादीत ते नाव शिक्षा म्हणून लागू नये. पुढे चालणाऱ्याला वाट दिसते, मागे चालणाऱ्याला माणसं दिसतात, आणि उद्या आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हाती माणसंच सोपवली जाणार आहेत. ऑक्टोबरच्या हाइकसाठी मी माझं नाव टेलसाठी दिलं आहे. केरळच्या ज्युनियरनेही दिलं होतं. सर त्याला म्हणाले, पुढच्या वर्षी. तोपर्यंत त्याने शिट्टी विकत घेऊन ठेवली आहे, आणि प्रेपच्या वेळेत ती वाजवू नये एवढीच आम्हा सगळ्यांची इच्छा आहे.