कागदावरचा फील्ड मार्शल

आमच्या घरात सध्या एक कमांडर, एक रक्षक आणि एक मध्यस्थ अशी तीन बडी माणसे नांदत आहेत. कमांडर म्हणजे आमचा धाकटा. बारावीला आहे आणि तीन हाका मारल्याशिवाय अंथरूण सोडत नाही. मध्यस्थ म्हणजे घरातल्या आजी. नळावरची निम्मी भांडणे त्यांच्यापासूनच सुरू होतात. रक्षक म्हणजे आमची थोरली लेक. ती एका कारखान्यात पॅकिंगला आहे.

या पदव्या कोणी दिल्या? तर मोबाइलने. पाच-पन्नास प्रश्न येतात. लोकांत बरे वाटते की एकटे? डोक्याने ठरवता की मनाने? उत्तरे दिली की तुमचा स्वभाव कोणत्या नमुन्याचा ते सांगतात आणि वर एक भारदस्त नाव चिकटवतात. धाकट्याची तर पंचाईतच झाली. त्याच्या नमुन्याला एका यादीत 'कमांडर' म्हणतात आणि दुसऱ्या यादीत 'फील्ड मार्शल'. कोणते घ्यावे यावर दोन दिवस चर्चा चालली. आजींनी फील्ड मार्शलला कौल दिला, कारण ते नाव लांब आहे!

हसण्यावारी न्यावे असाच हा प्रकार. तरी त्याचे मूळ जाणून घ्यावे असे आम्हा उभयतांना वाटले. अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या मायलेकींनी ही पद्धत बसवली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. कार्ल युंग या स्विस डॉक्टरचे १९२१ साली निघालेले पुस्तक त्यांनी आधाराला घेतले. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, बायका कारखान्यांत येऊ लागल्या. त्यांना मानवेल असे काम मिळावे हा इझाबेलचा हेतू होता. हेतू चांगलाच. स्वभावाच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीतून एक बाजू, म्हणजे एकूण १६ नमुने. पुढे डेव्हिड कर्सी या मानसशास्त्रज्ञाने १९९८ च्या आपल्या पुस्तकात या नमुन्यांना फील्ड मार्शल, इन्स्पेक्टर, सुपरवायझर अशी नावे दिली.

आता खरा फील्ड मार्शल किती दुर्मिळ असतो ते पाहा. आपल्या देशात हा हुद्दा आजवर फक्त दोघांना मिळाला. सॅम माणेकशॉ यांना जानेवारी १९७३ मध्ये आणि के. एम. करिअप्पा यांना १९८६ मध्ये, तेही निवृत्तीनंतर ३३ वर्षांनी. आमच्या धाकट्याला मात्र तो दहा मिनिटांत, खाटेवर लोळता लोळता मिळाला.

इथवर गंमत होती. पण थोरलीचे प्रकरण निराळे. तिचा कागद मोबाइलवरचा नव्हे, कारखान्यातला होता. तिथे बाहेरून एक प्रशिक्षक आले, सगळ्यांकडून प्रश्न सोडवून घेतले आणि जो तो आपला हुद्दा घेऊन घरी आला. त्याच आठवड्यात लाइन सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज मागवले होते. लेक म्हणाली, "मी नाही भरत. माझ्या कागदावर रक्षक आलंय. रक्षकानं मागं राहून सांभाळायचं असतं. हुकूम देणं माझ्या स्वभावातच नाही म्हणे."

आम्ही दोघेही गप्प झालो. सात वर्षे ही पोर त्या लाइनवर उभी आहे. नवीन मुलगी आली की तिला हिच्याच हाताखाली देतात. आईने विचारले, "आजवर किती जणींना काम शिकवलंस गं?" ती बोटांवर मोजत बसली. पंचवीस भरल्या.

तेव्हा इतिहासातली एक गोष्ट आम्ही तिला सांगितली. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस स्वारांवर एक हवालदार असे. पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. हुद्दा म्हणजे मोजणी होती. तुझ्या भरवशावर किती माणसे आहेत, एवढेच तो सांगे. हवालदाराला कोणी विचारत नसे की बाबा, तुला गर्दी आवडते की एकांत?

"म्हणजे बाई, तू तर कधीच हवालदार झालीस," आजी म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा घेतली तर कित्येकांचा नमुना बदलतो. कारण उघड आहे. बरीच माणसे जोडीच्या मध्यावरच असतात. घरात अबोल, कामावर बोलके. पण कागदाला मध्य ठाऊक नाही. तो अलीकडे तरी ढकलतो नाहीतर पलीकडे. म्हणूनच मूळ चाचणी छापणारी कंपनी स्वतः सांगते की नोकरीसाठी माणसे निवडायला तिचा वापर करू नये. ज्यांनी वस्तू बनवली तेच असे सांगतात, तर आपण ती कपाळावर का गोंदून घ्यावी?

आईबापांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुले असल्या पदव्या घेऊन आली तर रागावू नका. चार घटका हसा, वाटल्यास एखादी पदवी आपणही घ्या. स्वतःच्या स्वभावाचा विचार करण्यात वाईट काही नाही. पण 'हे माझ्यात नाहीच' असे मूल म्हणू लागले, की तो कागद बाजूला ठेवा आणि त्याने आजवर काय काय केले आहे ते त्याच्यासमोर मोजून दाखवा. दुसऱ्याने दिलेले नाव, मग ते कितीही गोड असो, पोराच्या पायात बेडी होता कामा नये.

थोरलीने शेवटच्या दिवशी अर्ज दिला. 'अनुभव' या रकान्यात तिने लिहिले: सात वर्षे, पंचवीस मुलींना काम शिकवले. स्वभावाचा रकाना त्या अर्जात नव्हता. निकाल अजून लागायचा आहे. फील्ड मार्शल साहेब मात्र आज सकाळी दुसऱ्या हाकेला उठले, हीही प्रगतीच म्हणायची.