दमेकरी मूल आणि व्यायाम

एकत्र कुटुंबांत एखादें मूल दमेकरी निघालें, कीं त्याच्याभोंवतीं मायेचें एक कुंपण आपोआप उभें राहतें. धांवूं नकोस, जिना चढूं नकोस, गार वाऱ्यांत जाऊं नकोस, असे निषेध आजीपासून धाकट्या काकूपर्यंत सर्वांच्या तोंडीं बसतात. शाळेंत कवाइतीच्या तासाला त्याला सूट मिळते आणि संध्याकाळीं तें ओट्यावर बसून इतरांचा खेळ पाहूं लागतें. यांत कोणाचाही वाईट हेतु नसतो. परंतु या मायेनें मुलाचें कल्याण होतें कीं अकल्याण, हा प्रश्न आमच्याच घरांत थोरल्या बंधूंच्या कन्येच्या निमित्तानें उभा राहिला. त्याचा जो विचार आम्हांस करावा लागला, तो वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

वडील मंडळींचा निषेध निराधार आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. व्यायाम कोणीं करूं नये हें सांगतांना सुश्रुतानें श्वास व कास यांनीं पीडलेल्यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत होऊन गेलेला ग्रीक वैद्य अरेटिअस यानेंही, धांवण्यानें अथवा कसरतीनें श्वास कष्टाचा होणें हें या रोगाचें लक्षण म्हणून सांगितलें. शिवाय त्या काळीं घरच्या घरीं करण्याजोगा उपाय तरी काय होता? मोजक्या मात्रेंत औषधाचा फवारा सोडणारा पंप निघाला १९५६ सालीं. श्वासनलिका मोकळ्या करणारें सालब्युटामॉल बाजारांत आलें १९६९ सालीं. आणि त्यांची सूज उतरविणारें बेक्लोमेथासोन पंपावाटें मिळूं लागलें १९७२ सालीं. त्यापूर्वींच्या पिढ्यांना स्वस्थ बसणें हाच शहाणपणा होता. पुढें साधनें बदललीं; निषेध मात्र होता तसाच राहिला.

व्यायामानें दमा कां उसळतो, याचा उलगडा आतां पुष्कळसा झालेला आहे. नाकावाटें घेतलेली हवा ऊन व दमट होऊन आंत जाते. जोरानें धांवतांना नाक पुरेनासें होतें, तोंडानें श्वास घ्यावा लागतो, आणि थंड, कोरडी हवा थेट श्वासनलिकांत शिरते. तिच्यामुळें आंतल्या अस्तराचा ओलावा उडून जातो, तेथील पेशींतून क्षोभक द्रव्यें सुटतात व नळ्यांभोंवतालचे स्नायु आंवळले जातात. साधारणतः ५ ते ८ मिनिटांच्या जोराच्या श्रमानें हा प्रकार घडतो. साधी धाप विसांवा घेतांच उतरूं लागते. ही मात्र श्रम थांबल्यावरच वाढते, ५-१० मिनिटांत कळसास पोंचते आणि बहुधा अर्ध्या-एक तासांत ओसरते. हा भेद आईबापांनीं अवश्य लक्षांत ठेवावा. मौजेची गोष्ट ही कीं, व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा असें सांगून त्याच सुश्रुतानें अर्ध्या शक्तीची खूणही दिली आहे: श्वास तोंडावाटें येऊं लागला कीं थांबावें. त्याच्या मनांत हें आधुनिक कारण होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ही खूण आजच्या दमेकऱ्यासही उपयोगीं पडेल.

आमची पुतणी बारा वर्षांची असतांना थंडीच्या दिवसांत शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारून आली कीं खोकत बसे. घरांत सर्वांनीं ती सर्दी मानली व धांवणें बंद केलें. वर्षभरांत वजन वाढलें, आणि पूर्वीं धांवल्यावर लागणारा दम आतां दोन मजले चढतांना लागूं लागला. बसून राहिल्यानें स्नायु शिथिल होतात, शिथिल स्नायूंना थोड्या कामासही अधिक श्वास लागतो, म्हणून मूल आणखी बसतें, असें हें दुष्टचक्र आहे. अखेर एका डॉक्टरांनीं तिला पळण्याच्या आधीं व मागाहून नळींत जोरानें फुंकावयास लावून परीक्षा केली, आणि आमच्या बंधूंना सांगितलें कीं, औषध घेऊनही धांवतांना दम लागला तर ती खेळ बंद करण्याची सूचना नव्हे. रोग ताब्यांत आला नसल्याची ती खूण आहे.

घरांत पंप आला आणि खरा वाद तेव्हां सुरू झाला. “आधीं पोरीचा जीव, मग खेळ,” हें आमच्या मातोश्रींचें म्हणणें. पंपाची संवय लागते, हें दुसरें. तिसरें कोणी मोठ्यानें बोलत नसे: मुलीची जात, उद्यां स्थळें येतील, तेव्हां ही वस्तु कोणाच्या दृष्टीस पडूं नये! म्हणून पंप कपाटांत साड्यांच्या घडीखालीं गेला. पोर मैदानावर आणि औषध कपाटांत, अशी ती व्यवस्था! संवयीच्या शंकेस डॉक्टरांचें उत्तर असें कीं, पंपांतील औषध अल्प मात्रेंत जेथें हवें तेथेंच पोंचतें आणि त्याचें व्यसन लागत नाहीं. तिसऱ्या शंकेस उत्तर डॉक्टरांनीं देण्याचें नव्हतें. तें आम्हां घरच्यांनाच द्यावयाचें होतें. लपविलेला दमा नाहींसा होत नाहीं, आणि झटका मुहूर्त पाहून येत नाहीं, हें बंधूंनीं मातोश्रींना शांतपणें समजाविलें. त्या दिवसापासून पंप तिच्या दप्तरांत असतो.

ती आतां शाळेच्या खो-खोच्या संघांत आहे. तिचा दमा बरा झाला, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. व्यायामानें दमा बरा होत नाहीं. दमसास वाढतो, हृदय व स्नायु बळकट होतात, आणि तेवढेंच काम कमी श्वासांत होतें. प्राणायामाविषयींही हेंच म्हणतां येईल: त्यानें मन व श्वास शांत होण्यास साह्य होईल, पण औषधाची जागा तो घेऊं शकत नाहीं. नेमाचें औषध रोज घ्यावें. खेळापूर्वीं कोणतें व किती घ्यावें, हें डॉक्टरांस विचारावें. आरंभीं १०-१५ मिनिटें हळूहळू अंग ऊन करावें. गारठ्यांत नाकातोंडावर रुमाल बांधावा. एकसारखें लांब धांवण्यापेक्षां थांबत थांबत खेळावयाचे खेळ सोसतात. पोहणेंही दमट हवेमुळें बहुतेकांस मानवतें, मात्र क्लोरिनच्या उग्र वासाचा कित्येकांना त्रास होतो. सर्दी-पडसें असेल किंवा छाती भरली असेल त्या दिवशीं विश्रांतीच बरी.

लॉस एंजेलिस येथील १९८४ च्या ऑलिंपिकमध्यें अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकीं ६७ जणांना व्यायामानें श्वासनलिका आंवळण्याचा विकार होता. त्यांनीं ४१ पदकें मिळविलीं. दमेकरी जॅकी जॉयनर-कर्सी हिनें १९८८ सालीं सोल येथें हेप्टॅथलॉनमध्यें ७२९१ गुणांचा जागतिक विक्रम केला. आपल्या मुलांनीं पदकें आणावींत अशी आमची अपेक्षा नाहीं. त्यांनीं बरोबरीच्या मुलांत खेळावें, इतकेंच आमचें मागणें आहे. त्यासाठीं वडिलांनीं शाळेस चिठ्ठी अवश्य लिहावी. मात्र ती व्यायामांतून सूट मागणारी नसावी. मुलाला दमा आहे, पंप दप्तराच्या अमुक कप्प्यांत आहे, दम लागल्यास त्याला बसवून तो द्यावा आणि तेवढ्यानें उतार न पडल्यास विलंब न करतां डॉक्टरांकडे न्यावें, एवढा मजकूर तींत असला म्हणजे पुरे.