दादांचा कैया

परवा आमच्या चिरंजीवांनी फर्मान काढलं, "आई, संमेलनातल्या नाटकात मी परग्रहावरचा सेनापती आहे. मला बंदूक हवी. उजेड पडणारी, आवाज करणारी!" म्हटलं, बाजारातून आणू. पण स्वारीने नुकताच 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' (२०२५) पाहिला होता. मालेगावच्या नासिर शेख यांनी सायकलवर, बैलगाडीवर कॅमेरा चढवून सिनेमे काढले, यंत्रमाग कामगार शफीक शेख यांना सुपरमॅन करून उडवलं. मग आपल्याला एक बंदूक जमू नये?

माझं माहेर धुळ्याचं. आग्रा रोडजवळ दादांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. भाऊ कैया धरायचा, मी नुसती बॅटरी. "पोरीच्या हाताला चटका बसला तर?" दादा म्हणायचे. (पोळ्या भाजताना बसलेले चटके कुणी मोजले नाहीत!) भावाकडून तोच कैया मागवला. जळगावला पाठवताना तो म्हणाला, "जपून हं. जमेल ना तुला?"

ठिबकवाल्या आमच्या जळगावात पाइपच्या तुकड्यांना तोटा नाही. तो झाला धड, मोडक्या इस्त्रीची मूठ झाली मूठ. गोलाणी मार्केटमधून लाल एलईडी, नऊ व्होल्टची बॅटरी, बझर आणि बेलचं बटण आणलं. पहिला एलईडी मी थेट बॅटरीला जोडला. लख्ख पेटला आणि गेला, कायमचा! मग दादा आठवले. लाल दिव्याला लागतात जेमतेम दोन व्होल्ट. उरलेल्या सातांचा भार दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवा. म्हणून प्रत्येक दिव्याला ४७० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे पिवळा, जांभळा आणि तपकिरी पट्टा असलेला. दिव्याचा लांब पाय बॅटरीच्या 'अधिक'कडे. बझरला मात्र नऊ व्होल्ट चालतात.

सासूबाई ओट्यापाशी येऊन म्हणाल्या, "हाई काय करी राहिनी व माय, सयपाक सोडीसन?" भाजी करपली होती खरी.

बटण दाबलं. उजेड पडला, पण आवाज निघाला बारीक, "पीं". "ही तर मागे येणारी गाडी," चिरंजीव हिरमुसले. मग बझर पावडरच्या रिकाम्या डब्यात बसवला, तेव्हा कुठे आवाज घुमला.

रंगीत तालमीत बंदूक पडली आणि मुकी झाली. उघडून पाहिलं तर डाख सुटलेला. मी गार तारेवरच कथील टाकलं होतं. आधी तार तापवायची, कथील आपोआप वितळून तिच्यावर पसरतं. दादांच्या हाताकडे इतकी वर्षं पाहूनही हे कळलं नव्हतं. तेव्हा माझं लक्ष बॅटरी हलू नये याकडे असायचं. रात्री अकराला पुन्हा डाख दिला. राळेचा तोच वास घरभर पसरला आणि डोळ्यांत पाणी आलं. धुरानेच, म्हणू या.

नाटकात बंदूक तीन वेळा झाडली, तिन्ही वेळा वाजली. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन, "कैया केव्हा पाठवतेस?"

म्हटलं, "बघू."

शेजारच्या वहिनींची दारावरची बेल बिघडली आहे.