बेदाण्याचा हिशेब

तासगावच्या बेदाणा सौद्यांत चाळीस वर्षे घालवलेल्या गृहस्थाला गोडी कशी पारखावी, हे कोणी शिकवावे लागत नाही. मूठभर माल हातात घेतला की तो नुसता सावलीत वाळला आहे की गंधकाची धुरी देऊन पिवळा केला आहे, हे अण्णा डोळे मिटून सांगत. चार किलो द्राक्षांचे पाणी आटते तेव्हा किलोभर बेदाणा हाती लागतो, हे गणित तर त्यांच्या रक्तातच मुरलेले. म्हणूनच न्यू जर्सीला मुलाकडे निघताना त्यांनी सामानात ठेवलेला बेदाण्याचा डबा हा केवळ नातीसाठीचा खाऊ नव्हता. त्यात पेढीची अब्रू होती.

नातीच्या खोलीत मात्र त्यांची गाठ एका अनोळखी जिवाशी पडली. ससा म्हणावा तर कान गोल, उंदीर म्हणावा तर शेपटी झुपकेदार, आणि अंगावर राखाडी रंगाची अशी मऊ लव की नातीने तिचे नाव ‘मखमल’ ठेवले होते. ही चिंचिला. वजन जेमतेम अर्धा किलो. ती पाण्याने अंघोळ करीत नाही. बारीक धुळीच्या वाडग्यात गिरक्या घेऊन स्वच्छ होते. तिच्या त्वचेतील एकेका छिद्रातून पन्नासाहून अधिक केस उगवतात, आणि इतकी दाट लव एकदा भिजली की लवकर वाळत नाही, असे बारा वर्षांच्या नातीने आजोबांना मोठ्या गांभीर्याने समजावले.

पुढची हकीकत तिने सांगितली ती अण्णांच्या जिव्हारी लागली. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचा हा प्राणी. त्याची मऊ लवच त्याच्या मुळावर आली. एका कोटासाठी शंभराहून अधिक प्राण्यांची कातडी लागे, आणि युरोप-अमेरिकेच्या बाजारात ती लाखांनी गेली. चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू या देशांनी १९१० मध्ये शिकारबंदीचा करार केला, तेव्हा डोंगर जवळजवळ रिकामे झाले होते. पुढे १९२३ मध्ये मॅथियस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण-अभियंत्याने अकरा जिवंत प्राणी कॅलिफोर्नियात आणले, तेही लवेच्या धंद्यासाठीच. आज घरोघरी पाळलेल्या चिंचिलांपैकी बहुतेक त्या अकरांचे वंशज मानले जातात.

“म्हणजे या जिवाचं आपल्याकडं बरंच देणं निघतंय म्हणायचं,” अण्णा एवढेच बोलले. व्यापारी माणसाच्या तोंडी ‘देणे’ हा शब्द हलका नसतो.

परदेशी गेलेल्या वृद्धांना पहिले आठवडाभर रात्री झोप येत नाही. मखमललाही येत नसे. चिंचिला संध्याकाळी जागी होते आणि रात्रभर पिंजऱ्यात उड्या मारते. घर झोपलेले असताना पहाटे तीन वाजता जागे असलेले हे दोनच जीव. अण्णा खुर्ची ओढून पिंजऱ्याजवळ बसत. स्वतः सूर्यास्तानंतर तोंडात काही न घालणारे ते. पण त्या जिवाचा दिवसच रात्री उजाडतो, तर त्याला आपला नियम कसा लावावा, असा विचार करून पहिल्या रात्री त्यांनी गजांतून एक बेदाणा आत सरकवला. मखमलने तो दोन्ही पंजांत धरला, माणसासारखा कुरतडून खाल्ला आणि पुन्हा गजांना नाक लावले. आपल्या मालाची इतकी निर्मळ पावती अण्णांना बाजारात क्वचितच मिळाली असेल. दुसऱ्या रात्री तीन बेदाणे झाले, तिसऱ्या रात्रीपासून पाच. नातीला ही गंमत जाताना सांगायची, असे त्यांनी ठरवले होते.

सहाव्या दिवशी वाळलेल्या गवताचा भारा तसाच पडून होता. पिंजऱ्यातल्या लेंड्या बारीक आणि मोजक्या झाल्या होत्या. मखमल कोपऱ्यात पाठ वाकवून, डोळे अर्धवट मिटून बसली होती, आणि पोटाला हात लावू देत नव्हती. चिंचिलाने दिवसभर खाल्ले नाही तर थांबून पाहायचे नसते, हे नातीला ठाऊक होते. तासाभरात सगळे पशुवैद्यांच्या दवाखान्यात होते.

क्ष-किरण चित्रात आतडी वायूने फुगलेली दिसली. डॉक्टरांनी विचारले, गवताखेरीज काय दिले? “काहीच नाही,” नात म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारले. तिचे डोळे भरून आले, आणि तिची आई मराठीत हळूच म्हणाली, “खरं सांग हं. कोणी रागावणार नाही.”

अण्णांना डॉक्टरांचे इंग्रजी पुरते कळले नव्हते. सुनेचे मराठी मात्र कळले. एका पोरीच्या शब्दावर संशय आला होता, आणि त्या संशयाचे कारण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते. क्षणभर ते गप्प राहिले. तो क्षण लांबला असता तरी कोणाला कळले नसते. मग त्यांनी खिशातले चार बेदाणे काढून टेबलावर ठेवले. “तिनं नाही दिलं. मी दिलं. रोज रात्री पाच.”

नात काही बोलली नाही. तिने डॉक्टरांना त्याचे इंग्रजी करून सांगितले, एवढेच. तेच अण्णांना सर्वांत जड गेले.

डॉक्टरांनी दोष दिला नाही, समजावून सांगितले. या प्राण्याचे पोट रुक्ष डोंगरावरच्या चरबरीत गवतासाठी आणि झुडपांच्या सालींसाठी घडलेले. आतड्यातील सूक्ष्म जिवाणू तो चोथा आंबवून त्यातून पोषण काढतात. तिथे अचानक साखर पोचली की त्यांचा तोल बिघडतो आणि वायू धरतो. चिंचिलाला उलटी करता येत नाही. आत गेलेले परत येत नाही. शिवाय तिचे दात जन्मभर वाढत राहतात, आणि ते झिजतात ते गवत चघळूनच. गोडाने भूक भागली की गवत मागे पडते, मग दात वाढून तोंडात रुततात.

अण्णांनी त्या रात्री कागद घेऊन हिशेब मांडला. आपले वजन पासष्ट किलो, मखमलचे अर्धा. म्हणजे एकशेतीस पट. तिचे पाच बेदाणे म्हणजे आपले साडेसहाशे. एक बेदाणा अर्ध्या ग्रॅमचा धरला, तर रोज सव्वातीनशे ग्रॅम. शंभर ग्रॅम बेदाण्यात साठ ग्रॅमहून अधिक साखर असते; ताज्या सफरचंदात दहाच्या आसपास. उरलेले पाणी आणि चोथा. सुकवण्याने माल टिकतो, भावही येतो, पण साखर गोळा होते ती इथे. जन्मभर ज्या गणितावर पेढी चालली, तेच गणित उलट्या बाजूने वाचायला ते अमेरिकेत आले होते.

तीन दिवस मखमलला पाण्यात कालवलेली गवताची पूड पिचकारीने भरवावी लागली, दर काही तासांनी. रात्रीच्या पाळ्या अण्णांनी मागून घेतल्या. पिचकारी नात धरी, ते टॉवेलात गुंडाळलेला जीव मांडीवर सांभाळत. दुसऱ्या पहाटे दोघांत पहिले बोलणे झाले. “आजोबा, तुम्ही मला विचारायचं होतंत,” ती म्हणाली. “व्हय, विचारायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. चौथ्या दिवशी लेंड्या पूर्ववत झाल्या, तेव्हा त्या घरात लेंड्या पाहून जो आनंद झाला तो कोणा पाहुण्याला सांगूनही पटला नसता.

त्यानंतर खाऊचा नेम नव्याने ठरला. आहार म्हणजे गवतच, दिवसरात्र हाताशी. त्यासोबत गवताच्याच थोड्या गोळ्या. फळ असेल तर ते ताजे सफरचंद किंवा नासपती, बिया काढून, नखाएवढे, तेही आठवड्यातून एकदा. केळे, द्राक्षे, खजूर आणि सुकवलेले कोणतेही गोड फळ वर्ज्य. बदाम-काजूही तेलामुळे नकोत. अॅव्होकाडो तर मुळीच नाही. आणि खरे लाड करायचे तर सफरचंदाच्या झाडाची, औषध न फवारलेली काडी द्यावी. ती कुरतडण्यात मखमल तासभर रमते, असे पाहून अण्णा चकित झाले. जिच्यात गोडी नाही अशा वस्तूला इतके गिऱ्हाईक!

बेदाण्याचा डबा फडताळात सर्वांत वरच्या फळीवर गेला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी सफरचंदाची फोड कापली, बिया काढल्या, आणि तिचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. काटा हललाच नाही. नातीने तो निरखून पाहिला आणि म्हणाली, “आजोबा, अजून अर्धा करा.” त्यांनी अर्धा केला.

आता दर रविवारी तासगावहून फोन जातो. ख्यालीखुशाली होते, आणि मग अण्णा विचारतात, “आज कितीचा सौदा झाला?”

“नखाएवढा,” पलीकडून उत्तर येते.

“कुणाच्या नखाएवढा?”

“माझ्या. तुमच्या नाही.”